अठराव्या होलचा नारळ

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

तीर्थस्वरूप सहदेवभावोजी, मुक्काम मोहने, यांच्या पायांवर धाकूचं डोकं. (डोकं हल्ली बरंच रिकामं असल्यामुळे पायांना वजन लागणार नाही, निश्चिंत असावं.)

तुमचं पित्त कसं आहे? मालनताई मागच्या खेपेला सांगत होती की तुम्ही सकाळी उठून कोकमाचं पाणी पिता आणि मग दुपारपर्यंत कोणाशी बोलत नाही. पित्ताला चांगलंच, आणि घरातल्या बाकीच्यांना तर फारच चांगलं. सायकलची चेन बदलली का? आपल्या ज्ञाती मंडळाच्या मोहने शाखेवर तुम्ही चौथ्यांदा बिनविरोध सेक्रेटरी झालात असं कळलं. अभिनंदन. बिनविरोध म्हणजे काय ते आमच्या धंद्यात कधी कळत नाही, आमच्याकडे एका जागेला दीडशे जण विरोधात असतात.

तुमचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही लिहिलंय की काठीने गोटी बिळात घालायच्या नादात तुझी सव्वीस वर्षं गेली, कंपनीत शब्द टाकून ठेवला आहे, सोमवार दिनांक १८ रोजी सकाळी आठ वाजता गेटवर हजर राहणे, जन्मदाखला व दोन फोटो आणणे. (तुम्ही 'राहणे' आणि 'आणणे' लिहिता तेव्हा मला वाटतं मी मेहुणा नसून नोटीसबोर्ड आहे. राग नसावा.) पण तुमचं बरोबर आहे. गणपतीत तुमच्याच ओट्यावर बसून, आईच्या देखत, मी कबूल केलेलं की ही शेवटची खेप. परीक्षेत पहिल्या चाळिसात आलो तर वर्षभर स्पर्धा खेळायचं कार्ड मिळेल आणि तुम्ही मला पुन्हा कधी टोकणार नाही. नाही आलो तर पिशवी माळ्यावर आणि मी मोहन्याला, कायमचा. तर आलो की नाही आलो, एवढंच कळवायला पत्र लिहायला बसलो. पण ते एका ओळीत मावण्यासारखं राहिलेलं नाही, म्हणून फूलस्केप कागद आणलेत.

आधी एक गैरसमज काढतो. प्रोफेशनल गोल्फर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचे येतात. ते वेगळे. ते विमानाने जातात आणि त्यांची पिशवी उचलायला माणूस असतो. आम्ही खालच्या फळीचे. कोइमतूर, जमशेदपूर, चंदीगड, जिथे कोणी बोलावेल तिथे जनरलच्या डब्यातून जायचं आणि पिशवीला जागा मिळाली नाही तर ती मांडीवर घेऊन बसायचं, लेकरासारखी. परीक्षेला जातानाचीच गोष्ट. मनमाडला एक बाई चढल्या. पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्या काठ्यांकडे त्या बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या पिशवीतून मोडकी छत्री काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भुसावळपर्यंत होईल ना रे?" मी सांगणार होतो की बाई, मी अखिल भारतीय पातळीवरचा खेळाडू आहे. पण तार नुसती निसटलेली, दोन मिनिटांचं काम. बसवून दिली. उतरताना म्हणाल्या, हात चांगला आहे तुझा, एका जागी बसून दुकान टाक. भावोजी, चार वर्षांत माझ्या हाताला कोणी चांगलं म्हटलं ते एवढंच. (आणि 'एका जागी बसून' ऐकल्यावर मला तुमची फार आठवण आली.)

दुसरं, मी सराव करत नाही असं तुम्ही सगळीकडे सांगत सुटलाय, ते खोटं आहे. क्लबात मेंबर लोकांच्या पिशव्या उचलता उचलता शिकलो हे खरं, पण क्लब आपल्याला कधीतरीच खेळू देणार. म्हणून बाकीचे दिवस मी खाडीवर. ओहोटी लागली की चिखलात खुंटी रोवायची आणि कळव्याच्या दिशेने हाणायचं. पलीकडे चिखलातल्या निवट्या मासळ्या उडाल्या की समजायचं, चेंडू तिथे पडला. कळव्याच्या बाजूला दामाजी म्हणून एक म्हातारा मासळीला पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकत असतो. एकदा त्याच्या पागात बोयट माशांबरोबर माझे चार चेंडू आले. ते टोपलीत घालून तो थेट बाजारात आईच्या पाटीसमोर गेला आणि भर गिऱ्हाइकात म्हणाला, "मनुबाय, ही तुज्या पोराची अंडी घे." तेव्हापासून ठाण्याच्या मासळीबाजारात माझी विचारपूस "पोरगा अजून अंडी घालतो का?" अशी होते. आईने मात्र ते चेंडू धुऊन, पुसून, पदरात बांधून घरी आणलेले. हे मधेच आठवलं म्हणून लिहिलं.

तिसरं, शर्ट. बाकीच्या पोरांच्या शर्टावर टायरच्या नि सिमेंटच्या कंपन्यांची नावं असतात. माझ्या पाठीवर 'चित्रा पापड, डोंबिवली (पूर्व)', त्याखाली फोन नंबर आणि त्याखाली बारीक अक्षरात 'फोन दुपारी चारनंतर करावा'. मालक आनंदराव म्हणाले, लोक तुझ्या पाठीमागे उभे राहून खेळ बघणार, तेवढ्यात वाचू देत. (माझ्या पाठीमागे कोणी उभं नसतं हे मी त्यांना सांगितलं नाही. मोठ्या मनाच्या माणसाला कशाला दुखवा.) बदल्यात पापड. उडदाचे, नाचणीचे, पोह्यांचे. जमशेदपूरला भाजायची सोय नव्हती तेव्हा चार दिवस कच्चे खाल्ले. कच्चा पापड खाऊन फटका मारला की चेंडू उजवीकडे जातो. हे कुठल्याही पुस्तकात नाही, लिहून ठेवा.

आता परीक्षा. मध्य प्रदेशात एक छावणीचं गाव आहे, तिथे होती. तीन दिवस, रोज अठरा होल. (होल म्हणजे तुमच्या भाषेत बीळ.) ज्याचे फटके कमी त्याचा नंबर वर. उलटी दुनिया आहे, शाळेत हा नियम असता तर मी बोर्डात आलो असतो. अठराव्या होलच्या अलीकडे एक तळं. आपल्या लेखी डबकंच, पण गोल्फवाल्यांना पाणी दिसलं की घाम फुटतो. आपण पडलो कोळी. मी निघताना आईने देव्हाऱ्यातला नारळ कुंकू लावून पिशवीत घातला आणि म्हणाली, "पान्यावरशी जायाचं तं आदी पान्याशी बोलायचं. नारल द्यायचा, मंग जायाचं." नारळीपुनवेला होडी लोटायच्या आधी करतो तेच. तर रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी तळ्यावर. हळदकुंकू, एक फूल, नारळ पाण्यात, हात जोडायचे. बाकीची पोरं तेव्हा अंग मोकळं करायचे व्यायाम करत असायची. त्यातल्या एका सरदारजींनी विचारलं, हा कसला व्यायाम? मी म्हणालो, खांद्यांचा. दुसऱ्या दिवशी तेही माझ्या शेजारी हात जोडून उभे.

पहिले दोन दिवस तळ्याने माझं ऐकलं. तिसऱ्या दिवशी अठराव्यावर आलो तेव्हा परिस्थिती अशी की चार फटक्यांत आटोपलं तर चाळिसात, पाच लागले तर बाहेर. पहिला फटका झकास. दुसरा तळ्यावरून. काठी वर नेली आणि नेमकं तुमचं गेट डोळ्यांपुढे आलं. (दोष देत नाही. पण आलं.) चेंडू वर जायचा तो पाण्यालगत सपाट सुटला, बुडणार हे शेंबड्या पोराने सांगितलं असतं. आणि तेवढ्यात टण्णकन आवाज झाला. चेंडू तरंगत्या नारळावर आपटला, उडाला आणि पलीकडच्या हिरवळीवर जाऊन होलपासून दोन वितींवर थांबला. तिसऱ्या फटक्यात आत. टाळ्या पडल्या असत्या, पण माणसं नव्हती. एक माळी होता, त्याने झारी खाली ठेवली.

माझ्याबरोबर खेळणारा दिल्लीचा मुलगा (बूट दोन रंगांचे, मन एकाच, काळ्या) त्याने तिथल्या तिथे हात वर केला. नियम असा आहे भावोजी, की आपला चेंडू आपल्याच सामानाला लागला तर दोन फटके दंड. परक्या वस्तूला लागला, दगड म्हणा, बगळा म्हणा, तर नशीब आपलं, पडेल तिथून खेळायचं. त्याचं म्हणणं, नारळ याचा, रोज हाच टाकतो, मी बघितलंय. म्हणजे तीन अधिक दोन, पाच. तीन धरले तर मी अडतिसावा, पाच धरले तर एक्केचाळिसावा. आणि एक्केचाळिसावा म्हणजे कोण, ते तुम्हाला सांगायला नको.

मग कमिटी बसली. एक रिटायर्ड कर्नल, मिशा अशा की त्यावर दोन बगळे बसतील, एक बंगाली बाबू आणि एक मद्रासचे साहेब. नियमांचं पुस्तक काढलं. त्यात साप आहे, मुंग्यांचं वारूळ आहे, बर्फ आहे, नारळ नाही. साहेबाच्या देशात नारळ होत नाही त्याला आपण काय करणार! बंगाली बाबू म्हणाले, आम्ही देवीचं विसर्जन करतो, त्यानंतर मूर्ती काही आम्ही आमची म्हणत नाही. नारळ पाण्याचा, पोराला सोडा. मी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की ते लाजले. मद्रासचे साहेब म्हणाले, चूक. देवळात नारळ दिला की पुजारी फोडून अर्धा परत देतो. म्हणजे अर्धा देवाचा, अर्धा भक्ताचा. तेव्हा दंडही अर्धा, एकच फटका. तीन नि एक चार, तरी मी चाळिसातच! मी त्यांच्या पाया पडायला निघालेलो, पण कर्नल म्हणाले अर्धा दंड पुस्तकात बसत नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बेटा, सच बता. ये नारियल किसका है?" मी म्हणालो, "साब, दर्या का." ते म्हणाले, "ये तो तालाब है." मी म्हणालो, "तालाब दर्या की छोटी बहन है, साब." बंगाली बाबूंनी मान डोलावली. कर्नल मिशीचं एक टोक चावत बसले.

निकाल दहा दिवस राखून ठेवलाय. तोवर यादीत अडतिसाव्या जागेवर माझं नाव पेन्सिलीने लिहिलंय. भावोजी, तुम्ही हसाल, पण मी त्या बोर्डासमोर अर्धा तास उभा होतो. पेन्सिलीने का होईना, धाकू हे नाव मी यादीत इतक्या वर बघितलं नव्हतं. (शाळेत माझं नाव बोर्डावर यायचं ते 'बडबड करणारे' या मथळ्याखाली.) आणि ते खोडायला टपलेत एका दिल्लीवाल्याच्या चुगलीवरून. आपल्या बापजाद्यांनी पाण्याला दिलेल्या नारळाचा न्याय आता दोन रंगांचे बूट करणार! माझं सोडा, हा समाजाचा अपमान आहे. मी गरीब असेन, भटक्या असेन, पण देवाच्या कामात लबाडी आपल्या रक्तात नाही.

तर तात्पर्य, १८ तारखेची २८ करून घ्यावी. कंपनी माझ्यावाचून इतकी वर्षं चालली, आणखी दहा दिवस चालेल. घरातल्या मोठ्यांना वाकून आणि तुमच्या बोकडाला लांबूनच नमस्कार.

तुमचा मेहुणा,
धाकू (तात्पुरता अडतिसावा)

ता. क. एक किरकोळ काम राहिलं. कमिटीने सांगितलंय की नारळ कोणाचा याबद्दल तुमच्या समाजाच्या अधिकारी माणसाचं लेखी आणा. अधिकारी माणूस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तुम्हीच आलात. मंडळाचं होडीचं चित्र असलेलं लेटरहेड घ्यावं, गोल शिक्का मारावा आणि मजकूर असा घालावा: 'दाखला देण्यात येतो की कोळी समाजात पाण्यास अर्पण केलेला नारळ अर्पण केल्या क्षणापासून पाण्याच्या मालकीचा होतो व देणाऱ्याचा त्याच्यावर काडीचाही हक्क राहत नाही.' 'काडीचाही' राहू द्यावं, वजन येतं.

ता. क. २. तुम्ही न वाचता सही करत नाही. स्वतःच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तुम्ही तीनदा वाचलेला, आणि तिसऱ्यांदा ताईचं नाव बरोबर आहे का विचारलेलं. म्हणून एक बारीकशी गोष्ट कानावर घालतो. नारळाला दोरी होती. म्हणजे दोरी अशी नव्हे, तंगूस, गळाला लावतो ती, पाण्यात दिसत नाही. आईने नारळ दिलेला एक आणि सकाळी तीन. त्या गावात नारळ शोधत कुठे फिरू? म्हणून शेंडीला तंगूस बांधून दुसरं टोक गवतात खुंटीला. सकाळी सोडायचा, संध्याकाळी ओढून घ्यायचा, पुसून उद्याला ठेवायचा. कमिटीतल्या कोणी बघितलं नाही. फक्त निकाल राखून ठेवला त्या संध्याकाळी मी नारळ ओढत होतो तेव्हा कर्नलसाहेब कुत्रं फिरवत तिथे आले आणि म्हणाले, "मछली?" मी म्हणालो, "हां साब." म्हणाले, "बड़ी है?" मी म्हणालो, "छोटी है." तर म्हणाले, "तो छोड़ दो, बेटा. दस दिन हैं तुम्हारे पास." मासळीचं त्या माणसाला काडीचं ज्ञान नाही, दहा दिवसांत ती काय मोठी होणार? असो. तेवढं दाखल्यात 'अर्पण केलेला नारळ' याच्यापुढे 'दोरी असो वा नसो' असं घालता आलं तर बघावं.

ता. क. ३. ताई, हे पत्र आधी तूच फोडणार हे मला माहीत आहे. भावोजी 'असो वा नसो'ला अडून बसतील. त्यांचा शिक्का गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात तुझ्या शालूखाली असतो. नुसत्या कोऱ्या लेटरहेडवर मारून पाठव, बाकीचं मी लिहीन. ते कामावर गेल्यावर मार. आणि हे शेवटचं पान त्यांच्या हाती लागू देऊ नकोस.

ता. क. ४. शनिवार, १६. पत्र अजून इथेच आहे. गुरुवारी पोस्टात टाकायला निघालेलो, पण वाटेत माझा दोस्त रघु भेटला आणि मला वर्तकनगरला घेऊन गेला. तिथे एकाने गच्चीवर कबुतरं पाळलीत, ती बघता बघता कलेक्शनची वेळ टळली. काल मी आंघोळीला गेलो तेव्हा आईला माझ्या पँटीत हे पाकीट सापडलं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने शेजारच्यांच्या पोरीला, उत्तराला, बसवलं आणि उत्तराने ओट्यावर बसून, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. (ताई, शिक्क्याचंसुद्धा.) मी पंचा गुंडाळून बाहेर आलो तेव्हा अर्धा वाडा जमलेला. कळव्याचा दामाजीही होता, तो पाण्यातूनच आला असावा. दोरीचा भाग आला तशी बायका पदराआड हसायला लागल्या. दामाजी म्हणाला, "आरं, पान्याला नारल दिलास का गल टाकलास?" तीन साहेबांना अख्ख्या दुपारात जमलं नाही ते वाड्याने दोन मिनिटांत एकमताने निकाली काढलं. बिनविरोध म्हणजे काय, ते कळलं.

आई मात्र हसली नाही. ती कोळंबी सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "दोरी बांदून देतात ती वस्तू दिलेली नसते रं. मी तुला त्या खेलाला दिला, तवा तुला दोरी बांदलेली का?"

मी पँट शोधायला आत गेलो. ओल्या पंचात माणसाला फार बोलता येत नाही.

आज सकाळी कर्नलसाहेबांना पोस्टकार्ड टाकलं. माझ्या हिंदीत लिहिलंय, नारियल मेरा था, दोरी भी मेरी थी, नाम मिटा दीजिए. हे कार्ड मात्र मी वाटेत कुठेही न थांबता टाकलं, रघु हाका मारत होता तरी. तेव्हा दाखला नको. २८ ची पुन्हा १८ करावी. ताई, कोरा कागदही नको, शालू होता तसा ठेव.

नारळ आपलाच ठरल्यामुळे आईने दुपारी तो फोडला. तीन दिवस पाण्यात राहूनही आतून चांगला निघाला. अर्धा कालवणात गेला, अर्धा तिने तुमच्यासाठी काढून ठेवलाय. हे पत्र उद्या मामाच्या हाती पाठवतो. सोमवारी आठला गेटवर येईन तेव्हा हातात जन्मदाखला, दोन फोटो आणि नारळाची एक वाटी असेल. वॉचमनला तेवढं सांगून ठेवावं. त्याने विचारलं कोणाचा, तर मी सांगेन, माझा.